साइट वर्ड्स रात्री पाठ होतात आणि सकाळी पुसले जातात – सिनियर केजीतल्या लेकीसाठी मदत हवीये

घोडबंदरची आई (सोमवार, रात्री १०.५०)

नमस्कार, पहिल्यांदाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही कासारवडवलीला राहतो, लेक साडेपाच वर्षांची, सिनियर केजीत. शाळा इंग्रजी माध्यमाची आणि घरात सगळं मराठी, म्हणजे आम्ही दोघं, सासूबाई, सगळे मराठीच बोलतो आणि ते मला बदलायचंही नाहीये. शाळेतनं दर सोमवारी डायरीत १० साइट वर्ड्सची, म्हणजे बघताक्षणी ओळखायच्या इंग्रजी शब्दांची, चिठ्ठी चिकटवून येते आणि शुक्रवारी बाई एकेकाला उभं करून विचारतात. मी कार्डशीट कापून कार्डं केलीत, रोज जेवणं झाली की १५ मिनिटं आम्ही दोघी घेऊन बसतो. रात्री दहाच्या दहा घडाघडा सांगते. सकाळी खाली व्हॅनची वाट बघताना सहज विचारलं की त्यातले तीन नाहीतर चार येतात, बाकी कोरी पाटी. वॉजला सॉ म्हणते, ऑफला (of) फॉर, देन आणि व्हेनचा तर रोजचा गोंधळ.

परवा जे झालं त्याने मी हादरलेच. 'सेड'चं (said) कार्ड ती कायम बरोबर ओळखायची, म्हणून मी खूश. त्या कार्डावर कोपऱ्यात वरणाचा पिवळा डाग पडलेला म्हणून मी ते बदलून नवं केलं, अक्षर तेच, पेन तेच. तर तिला येईना! जुनं कार्ड कचऱ्यातून काढून दाखवलं तर लगेच "सेड". म्हणजे तीन आठवडे माझी लेक शब्द नाही, डाग वाचत होती.

आता शुक्रवारी सकाळी पोटात दुखतं म्हणते. खरंच दुखत असावं असं तिच्या चेहऱ्यावरून वाटतं, आणि माझा जीव तुटतो. कोणी यातून गेलंय का? अजून जास्त वेळ बसवू की थांबवू?

सानपाडा_बाबा (सोमवार, रात्री ११.३०)

ताई, आधी वेग कमी करा. आठवड्याला १० म्हणजे या वयाला खूपच झाले. आमच्या मुलाच्या वेळी मी या याद्या येतात कुठून ते शोधलं होतं. शाळा बहुतेक डॉल्चची यादी वापरतात. एडवर्ड डॉल्च हे अमेरिकेतले प्राध्यापक, १९३६ साली त्यांनी लहान मुलांच्या वाचनात सारखे सारखे येणारे २२० शब्द निवडले. त्यात एकही नाम नाही, नामं ९५ वेगळी काढलीत. आणि ते २२० शब्द पाच टप्प्यांत आहेत, बालवाडीपासून तिसरीपर्यंत, अगदी पहिल्या टप्प्यात फक्त ४०. म्हणजे ज्या मुलांच्या घरात इंग्रजीच बोलतात त्यांनाही त्याने चार-पाच वर्षं दिली होती, आणि आपली मुलं एका वर्षात उरकायची!

दुसरी यादी फ्रायची, एडवर्ड फ्राय, ती १००० शब्दांची. त्यातले पहिले १०० शब्दच छापील इंग्रजी मजकुराचा जवळजवळ निम्मा भाग भरतात म्हणून शाळा त्यांच्या मागे लागतात, ते कारण चुकीचं नाहीये. पण घाई चुकीची आहे. आम्ही शाळेत जाऊन बाईंना शांतपणे सांगितलं की आमचा मुलगा आठवड्याला ४ करेल, पण पक्के करेल. ऐकलं त्यांनी.

ऐरोलीच्या बाई (मंगळवार, दुपारी ३.१५)

मी ऐरोलीत पहिली-दुसरीला शिकवते, १४ वर्षं झाली, त्यातली पहिली सहा-सात वर्षं मीही वर्गात कार्डंच फिरवत होते, त्यामुळे हे जरा मनापासून लिहितेय.

ताई, लेकीचं काहीही चुकत नाहीये. आपण तिला सांगतो "हे बघ आणि लक्षात ठेव", तिने बघितलं आणि लक्षात ठेवलं. तिला जे सगळ्यात ठळक दिसलं ते ठेवलं, डाग. चित्र म्हणून शब्द लक्षात ठेवायचा म्हटलं तर वॉज आणि सॉ ही दोन्ही चित्रं सारखीच, तीच तीन अक्षरं उलटी. मूल करणार काय?

साइट वर्ड म्हणजे दिसताक्षणी वाचता येणारा शब्द. पण तो दिसताक्षणी येतो तो फोटो काढल्यामुळे नाही. लिनिया एहरी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी कित्येक वर्षं याच्यावर काम केलंय. त्यांचं म्हणणं असं की शब्दातला एकेक आवाज त्याच्या त्याच्या अक्षराला बांधला गेला की तो शब्द डोक्यात पक्का बसतो आणि मग वाचताना फोडावा लागत नाही. स्टॅनफर्डच्या ब्रूस मॅककँडलिस यांच्या गटाने २०१५ साली मोठ्या माणसांना एक नवीच लिपी शिकवून बघितली, काही शब्द अख्खे पाठ करायला लावले आणि काही अक्षर-आवाज जोडून. अक्षर-आवाज जोडून शिकलेले शब्द वाचताना मेंदूची डावी बाजू कामाला लागली, म्हणजे चांगल्या वाचकांची जी लागते ती.

आता घरी काय करायचं ते सांगते. मी चिंचोके वापरते, तुमच्याकडे नसतील तर शर्टाची बटणं घ्या.

कार्ड दाखवायचंच नाही आधी. तोंडाने म्हणा "सेड", एका वाक्यात वापरा, "आजी सेड, जेवायला ये", आमच्या वर्गात असं मिसळून चालतं. मग विचारा, यात आवाज किती? हळूहळू म्हणा, स् – ए – ड्. तीन. पाटीवर तीन चौकोन काढा आणि एकेक आवाज म्हणत तिनेच एकेक चिंचोका चौकोनात सरकवायचा. बोटाने तिनेच सरकवायचा हां, आपण नाही, हात शिवशिवतात आपले. मग चिंचोका उचलून त्या जागी अक्षर. पहिल्या चौकोनात एस, बरोबर, जसा आवाज तसं अक्षर. तिसऱ्यात डी, तेही बरोबर. मधल्या 'ए'ला मात्र दोन अक्षरं बसतात, ए आणि आय, आणि ती इथे नेहमीसारखी वागत नाहीत. लाल खडूने त्या दोघांवर बदाम काढा. लक्षात ठेवायचं ते फक्त बदामाखालचं, बाकीचं वाचता येतं. इंग्रजीतही याला हार्ट वर्ड म्हणतात. मग पाटी पुसून तिने स्वतः आवाज म्हणत म्हणत लिहायचं. दिवसाला एक शब्द, फार तर दोन.

आणि तुमच्या गठ्ठ्यातनं इन, इट, ऍट, कॅन, रन, बिग, नॉट, गेट, रेड ही कार्डं आजच बाजूला काढा. हे पाठ करायचे शब्दच नाहीत, हे सरळ वाचता येतात. ही, शी, वी, मी, बी हे पाचही एकत्र घ्या, शेवटी एकटा ई आला की स्वतःचं नाव सांगतो. गो, नो, सो तसेच. असं करत गेलं की २२० चा डोंगर फार लहान होतो.

आवाज म्हणताना पाय मोडून म्हणा. बी म्हणजे "बअ" नाही, "ब्". बरीच मुलं इथेच अडकतात, बअ-ऍ-टअ असं म्हटल्यावर बॅट ऐकूच येत नाही. उलट आपल्या मुलांना एक मोठा फायदा आहे, बाराखडी. हल्ली तर बालभारतीत ॲ आणि ऑ धरून चौदाखडी असते. ब ला ॲ, बॅ, आणि पुढे ट्. एकदा ते जमलं की बॅट, कॅट, मॅट सगळं धावतं.

कळव्याची मावशी (मंगळवार, रात्री ९.२०)

बाई, तुमचं पटतंय पण पूर्ण नाही. माझी दोन्ही मुलं कार्डं बघून बघूनच शिकली, मोठा आता सातवीत आहे, धडाधड वाचतो. आपण पाढे पाठ केलेच ना, पावकी-निमकी आमच्या वडिलांना अजून येते. पाठांतराला एवढं वाईट का ठरवायचं? आणि वन, टू, द यांचे आवाज फोडून काय मिळणार, डब्ल्यू आहे पण वाचायचा नाही, वाचायचा आहे तिथे नाहीच.

धाकटी सेमी इंग्रजीत आहे, महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे, तिच्या वर्गात तर कोणी चिंचोके वगैरे करत नाही, ४५ मुलांत कसं करणार.

ऐरोलीच्या बाई (मंगळवार, रात्री १०.०५)

मावशी, पाठांतर वाईट असं मी म्हणत नाही. उजळणी लागतेच, माझ्या वर्गात रोज असते. फक्त उजळणी कशाची ते महत्त्वाचं. आकाराची उजळणी आणि आवाज-अक्षराच्या जोडीची उजळणी यात फरक आहे.

तुमच्या मुलांसारखी बरीच मुलं असतात, त्यांना कार्डं दाखवली तरी ती आतल्या आत स्वतःच संगती लावतात. एस दिसला की स्, असं त्यांनी कोणी न सांगता पकडलेलं असतं. डेव्हिड शेअर यांनी १९९५ मध्ये हेच मांडलं, की मूल एकदा अक्षरांवरून आवाज काढायला लागलं की प्रत्येक नवा शब्द स्वतःच स्वतःला शिकवतं. पण सगळ्यांना ते आपोआप सापडत नाही आणि ज्यांना सापडत नाही तीच मुलं शुक्रवारी पोट धरून बसतात. मी हे लिहितेय ते त्या मुलांसाठी.

वन आणि टू बद्दल. टूमधला डब्ल्यू फुकट नाही आलेला, ट्विन, ट्वेल्व्ह, ट्वेन्टी, बिट्वीन बघा, सगळ्यांत दोन आहेत आणि सगळ्यांत टी-डब्ल्यू आहे. वनचे भाऊबंद ओन्ली आणि अलोन. मुलांना हे सांगितलं की इतकी आवडतात ती नाती! आणि वॉजमधला ए 'ऑ' का होतो, तर डब्ल्यूच्या मागे आला की तो तसाच वागतो, वॉश, वॉच, वॉन्ट, व्हॉट. एकट्या वॉजचा नखरा नाहीये तो. शेवटचा एस जहाजातल्या ज सारखा, तोही इज, हिज, हॅजमध्ये आहेच.

४५ मुलांचा मुद्दा मात्र अगदी खरा आहे. मी ओळीप्रमाणे गट करते आणि चौकोन फरशीवर खडूने काढते, तरी दमायला होतं.

नेरुळकर आजोबा (बुधवार, सकाळी ६.४०)

सुप्रभात. मी शिक्षक नाही, पण दोन नातवंडांना वाचायला शिकवण्यात माझी मागची पाच वर्षं आनंदात गेली आहेत, म्हणून लिहितो.

या शब्दांची खरी अडचण मला वेगळीच वाटते. कॅट म्हटलं की मांजर डोळ्यापुढे येते. ऑफ म्हटलं की काय येतं? काहीच नाही. आणि आपल्या मुलांना तर दुहेरी अडचण, कारण आपल्याकडे हे शब्दच नाहीत, प्रत्यय आहेत. ऑफ म्हणजे चा-ची-चे, टू म्हणजे ला, इन म्हणजे त, फ्रॉम म्हणजे हून, आणि द ला तर काहीच नाही. आपल्याकडे प्रत्यय नामाला चिकटून मागे येतो, इंग्रजीत तो सुटा होऊन पुढे जाऊन बसतो. इंग्रज घरातल्या मुलाने ऑफ हा शब्द वाचायच्या आधी हजारदा ऐकलेला असतो. आपल्या मुलाला तो पहिल्यांदा कार्डावरच भेटतो. ज्याची ओळख नाही त्याचा चेहरा कसा लक्षात राहील?

म्हणून मी सुटं कार्ड कधीच दाखवलं नाही. नातीबरोबर खेळायचो, "चहाचा कप", ती म्हणायची "कप ऑफ टी". "आजीचा फोटो", "फोटो ऑफ आजी". "घरात", "इन द घर". पोरगी हसून लोळायची. मग हळूच घरच्या जागी हाउस आला. आठवडाभर नुसतं तोंडी. मग लिहिलं. ऑफ आणि फॉर एकदाही चुकली नाही, कारण एक 'चा' आणि एक 'साठी', तिच्या डोक्यात ते दोन वेगळे प्राणी झाले होते.

देन-व्हेनची युक्ती सांगतो. आपल्याकडे प्रश्नाचे शब्द क ने सुरू होतात, काय, केव्हा, कुठे, कोण, का. इंग्रजीत डब्ल्यू-एच ने. आपल्याकडे दाखवायचे शब्द त ने, ते, तेव्हा, तिथे. इंग्रजीत टी-एच ने. म्हणजे केव्हा-तेव्हा तसंच व्हेन-देन. काय-ते तसंच व्हॉट-दॅट. आणि इथे-तिथे-कुठे म्हणजे हिअर-देअर-व्हेअर, या तिन्हींच्या स्पेलिंगमध्ये हिअर अख्खा लपलेला आहे, शोधायला सांगा.

आणखी एक. आपल्यातही बदामाचे शब्द आहेत हे मुलांना जरूर दाखवा. सिंह लिहितो तसा म्हणतो का आपण? संसार? चार मधला च आणि चारा मधला च एकच अक्षर, आवाज दोन. इंग्रजीच विचित्र आणि आपण सरळ असं काही नाही, हे कळलं की मुलाची भीती जाते.

घोडबंदरची आई (बुधवार, दुपारी २.३०)

आजोबा, तुमची पोस्ट मी दोनदा मोठ्याने वाचली, सासूबाईंना वाचून दाखवली. त्या म्हणाल्या हे मी पण करू शकते! त्यांना वाटायचं इंग्रजी म्हणजे आपल्याला काही मदत करता येणार नाही, म्हणून अभ्यासाच्या वेळी उठून आत जायच्या. खूप खूप आभार.

बाई, चिंचोके सासूबाईंच्या डब्यात निघाले. आजपासून सुरू. कार्डं सध्या कपाटात ठेवलीत.

बेलापूरची सखी (बुधवार, रात्री ८.१५)

थोडं वेगळं लिहितेय, घाबरवायचा हेतू नाही. आमचा मुलगा असाच विसरायचा, आम्ही वर्षभर त्यालाच ओरडत राहिलो. शेवटी डोळे तपासले तर नंबर निघाला. म्हणून एकदा डोळे आणि कान दोन्ही तपासून घ्या, कानही, कारण आवाज नीट ऐकू आला नाही तर फोडणार काय. ते ठीक असेल आणि नीट शिकवूनही पहिली-दुसरीत अक्षर-आवाज जुळतच नसेल, शब्दांचं यमकही पकडता येत नसेल, घरात आणखी कोणाला वाचनाचा त्रास झालेला असेल, तर डिस्लेक्सियासाठी तज्ज्ञांना दाखवा. साडेपाच वर्षांला कोणी शिक्का मारत नाही आणि मारूही नये, साधारण सात-आठ वर्षांनंतर बघतात. पण मदत सुरू करायला शिक्का लागत नाही. आमचं हे उशिरा कळलं त्याचं मला अजून वाईट वाटतं.

सानपाडा_बाबा (गुरुवार, रात्री ११.००)

वाचायला पुस्तकं काय देताय? आमच्याकडे शाळेच्या पुस्तकात चित्र बघून अंदाजाने शब्द सांगायची सवय लागली होती. "पोनी" लिहिलेलं असायचं आणि चित्रात घोडा म्हणून हा "हॉर्स" म्हणून मोकळा. मी चित्र हाताने झाकून आधी शब्द वाचायला लावायचो, मग चित्र. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर साइटवर फुकट गोष्टी आहेत, लेव्हल १ ची एकच गोष्ट मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही मिळते. आधी मराठीत वाचून दाखवा, मग इंग्रजीत. गोष्ट माहीत असली की ऑफ, टू, विथ कुठे बसतात ते आपोआप कळतं.

ऐरोलीच्या बाई (शुक्रवार, दुपारी ४.१०)

चित्र झाकायची सवय अगदी बरोबर. सखी, तुम्ही लिहिलंत ते फार गरजेचं होतं, आणि तुम्ही स्वतःला दोष देऊ नका.

घोडबंदर ताई, शुक्रवारच्या विचारण्याबद्दल शाळेशी नक्की बोला. भांडायचं नाही, पण सांगायचं की उभं करून विचारू नका, वहीत किंवा पुस्तकात वाचून घ्या. मी शिक्षिका म्हणून सांगते, आईवडील येऊन बोलले तर बहुतेक बाईंना बरंच वाटतं.

घोडबंदरची आई (सात आठवड्यांनी, रविवार, रात्री ९.४०)

धागा वर काढतेय, कारण तुम्ही सगळ्यांनी इतकं लिहिलंत आणि पुढे काय झालं ते सांगणं माझं काम आहे.

डोळे आणि कान तपासले, दोन्ही ठीक. शाळेत बोलले, बाईंनी समजून घेतलं, आता तिला जवळ बसवून पुस्तकातूनच वाचून घेतात, चिठ्ठी १० चीच येते पण आम्ही त्यातले सरळ वाचता येणारे आधी वेगळे काढतो आणि उरलेल्यांतले ३-४ करतो. पोटदुखी चौथ्या आठवड्यापासून नाही.

सासूबाई आणि तिचा प्रत्ययांचा खेळ जोरात चालू आहे. "पोळी विथ तूप", "अंडर द पलंग", दिवसभर तेच. देन-व्हेन सुटलं, केव्हा-तेव्हा एकदाच सांगावं लागलं. वॉज-सॉ अजून आठवड्यातनं एकदा-दोनदा चुकतं, पण आता चुकल्यावर ती स्वतः थांबते, बोट पहिल्या अक्षरावर ठेवते, "व्" म्हणते आणि दुरुस्त करते. मला ते बोट ठेवणं फार आवडतं.

आमच्या लिफ्टशेजारी पाटी आहे, इन केस ऑफ फायर डू नॉट यूज लिफ्ट. तीन वर्षं आम्ही रोज तिच्यासमोर उभे राहतो. काल लिफ्ट यायला वेळ लागला तर पहिल्यांदाच ती वाचायला लागली. इन आलं. केसला अडली, मी सांगितलं. ऑफला थांबली, आणि मला विचारते, "आई, म्हणजे चा ना?" फायर तिला येईना, पण चा कळल्यावर तिनेच विचारलं की कशाचा. मग डू नॉट एका दमात. लिफ्ट येऊन गेली, आम्ही नाही चढलो.

एक विचारायचं राहिलं, ऑफ मध्ये एफ आहे पण म्हणताना व्ह येतो, आणि डबल एफवाल्या ऑफमध्ये फ येतो. तिने मला हे विचारलं आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. बदाम कशावर काढू?

ऐरोलीच्या बाई (रविवार, रात्री १०.२०)

ताई, वाचून डोळे भरून आले. बदाम एफवर काढा. आणि तिला सांगा की एफचा आवाज व्ह होतो असा हा बहुतेक एकच शब्द आहे. डबल एफवाला ऑफ म्हणजे बंद, तिला पंख्याच्या बटणापाशी नेऊन दाखवा, त्याच्यावर बदाम नको, तो सरळ वाचता येतो.

नेरुळकर आजोबा (सोमवार, सकाळी ६.२५)

तिला माझा आशीर्वाद सांगा. आता फ्रॉम घ्या, "ठाण्याहून नेरुळला", फ्रॉम ठाणे टू नेरुळ. एकदा ट्रान्स हार्बरने तिला घेऊन या आणि गाडीत प्रत्येक स्टेशनला तिलाच म्हणू द्या.